कोनाडा आणि पेटी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात "काय रे, ब्लॉग बंद केलास का?" असं दोघा-तिघांनी विचारलं. बंद नव्हता केला. एक गोष्ट लिहायची होती आणि ती लिहिल्याशिवाय दुसरं काही लिहिता येईना. आज लिहून टाकतो. विषय तसा तांत्रिक आहे. घरातला लिनक्सचा संगणक आणि नेटवर्कवर ठेवलेली साठवणीची पेटी, यांना एकमेकांशी नीट जोडायचं कसं, एवढाच. पण त्यात घरचा एक कबुलीजबाबही आहे. तेव्हा आत्या, तांत्रिक भाग कळला नाही तरी सोडून जाऊ नकोस, मी जमेल तेवढं सोपं करतो.

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बंगलोरच्या चुलतभावाने लिहिलं, "काकांचं पानशेतवालं रेकॉर्डिंग पाठव ना, मुलीला ऐकवायचंय." मी लिहिलं, "शोधतो." हे उत्तर मी गेली काही वर्षं वेगवेगळ्या लोकांना देतोय. खरं असं आहे की शोधण्यासारखं काही उरलेलंच नाही. ते रेकॉर्डिंग गेलं. माझ्यामुळे गेलं.

आता पहिल्यापासून सांगतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत एका वाड्यात तळमजल्यावर होतं. बाबा बारा वर्षांचे, आत्या सहा वर्षांची. माणसं वाचली, बाकी सगळं गेलं. आमच्या घरात १९६१ च्या आधीचा एकही फोटो नाही. माझे आजोबा तरुणपणी कसे दिसत होते ते मला ठाऊक नाही.

त्यामुळे बाबांना एक खोड होती. कुठलाही फोटो काढला की त्याच्या दोन प्रती करायच्या आणि दुसरी साताऱ्याला आत्याकडे पाठवायची. "एका घरात सगळं ठेवू नये," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आम्ही भावंडं त्याची नक्कल करायचो.

मी संगणकवाला. माझ्याकडे बाबांच्या खोडीवर आधुनिक उपाय होता! २०१३ साली मी दोन डिस्कची एक साठवणीची पेटी घेतली आणि ती दिवाणखान्यात राउटरशेजारी ठेवली. संगणक आतल्या खोलीत. रोज रात्री दोन वाजता संगणकावरचं सगळं पेटीत उतरायचं. "बघा बाबा, आता दुसरी प्रत आपोआप," मी म्हणालो. बाबा म्हणाले, "पण घर एकच ना?" मी हसलो.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी बाबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. रविवारी दुपारी जेवण झालं की फोन टेबलावर ठेवायचा आणि त्यांना बोलतं करायचं. मार्च २०१९ पर्यंत चौदा वेळा बसलो. फोनमधली जागा भरली की संगणकावर उतरवायचं आणि फोनमधून पुसायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये बाबा गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती रेकॉर्डिंग ऐकायची माझी हिंमत झाली नाही. जून २०२० मध्ये संगणकाच्या डिस्कमधून टिक-टिक असा आवाज यायला लागला आणि दोन दिवसांत ती बंद पडली. मला काही वाटलं नाही. पेटी आहे ना!

नवी डिस्क बसवली, लिनक्स नव्याने घातलं आणि पेटी उघडली. पेटीतली सगळ्यात ताजी फाइल मे २०१८ ची होती.

मी खुर्चीवर नुसता बसून राहिलो. दोन वर्षं पेटीत काहीही गेलेलं नव्हतं. पण मी तर अधूनमधून पेटीचा फोल्डर उघडून बघत होतो! सगळं दिसत होतं. रेकॉर्डिंगसुद्धा दिसत होती. मग?

आता थोडं तांत्रिक. विंडोजमध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असतात तसं लिनक्समध्ये नसतं. तिथे सगळ्या फोल्डरांचं एकच झाड. बाहेरची साठवण जोडायची तर आधी एक रिकामा फोल्डर करायचा आणि पेटी त्या जागी जोडायची. याला माउंट करणं म्हणतात. आपल्या जुन्या घरांमध्ये भिंतीत कोनाडा असतो, तसा तो फोल्डर समजा. कोनाड्यात पेटी ठेवली की तिथे पेटी दिसते. आपण जे ठेवू ते पेटीत जातं. पण पेटी नसली म्हणून कोनाडा नाहीसा होत नाही. तो असतोच, आणि त्यात वस्तू ठेवल्या तर तो मुकाट्याने ठेवूनही घेतो. फक्त तो कोनाडा आपल्याच घराच्या भिंतीत आहे.

माझं नेमकं हेच झालं. रोज रात्रीची नक्कल पेटीत न जाता कोनाड्यात जात होती. म्हणजे त्याच संगणकात, त्याच डिस्कवर. मूळ प्रत आणि दुसरी प्रत एकाच घरात. डिस्क गेली, दोन्ही गेल्या.

पेटी कोनाड्यातून हलली कधी आणि मला कळलं का नाही? यात तीन कारणं एकत्र आली आणि त्यातली दोन मी स्वतः घातलेली होती.

पहिलं कारण गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. वीज आली की संगणक अर्ध्या मिनिटात तयार, पण पेटीला उठायला दोन-तीन मिनिटं लागायची. संगणक तिची वाट बघत दीड मिनिट अडून बसायचा. मला याचा वैताग यायचा. एफएसटॅब नावाची एक फाइल असते, कुठली साठवण कुठे जोडायची त्याची यादी. २०१६ साली मी त्या यादीत पेटीच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला. त्याचा अर्थ, जोडता आली तर जोड, नाही आली तर नाद सोड आणि पुढे चल. संगणक झटपट सुरू व्हायला लागला. मी खूश. पण तक्रार करणाऱ्याचं तोंड मी बंद केलंय हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसरं कारण परवानग्या. नक्कल करणारी आज्ञावली माझ्या नावाने चालवली की कधी कधी पेटीत लिहिता येत नसे. कटकट नको म्हणून मी ती सर्वाधिकारी रूटच्या नावाने चालवायला लागलो. माझ्या नावाने चालत असती, तर त्या रिकाम्या कोनाड्यात लिहायला तिला मनाई झाली असती आणि मला चूक दिसली असती. रूटला कोण अडवणार?

तिसरं कारण मात्र माझ्या हातातलं नव्हतं. या पेट्या आणि संगणक ज्या भाषेत बोलतात ती एसएमबी. ती मूळची आयबीएममधली, १९८० च्या दशकातली. पुढे विंडोजने तिला घरोघरी नेलं. लिनक्सच्या जगात ती आणली ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने. त्याने सुरू केलेल्या प्रकल्पाचं नाव सांबा. शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द त्याने संगणकाकडून शोधून घेतले आणि त्यातून हे नाव निवडलं. आपल्याकडच्या सांबाशी त्याचा काही संबंध नाही! तर या भाषेची पहिली आवृत्ती फार जुनी आणि कच्ची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो तिच्याच एका जुन्या अंमलबजावणीतल्या भोकातून. त्यानंतर सगळ्यांनीच ती मोडीत काढायला घेतली. लिनक्सच्या गाभ्यानेही २०१७ च्या उत्तरार्धात, ४.१३ या आवृत्तीपासून, आपणहून पहिल्या आवृत्तीत बोलणं सोडलं. निर्णय योग्यच होता. पण माझ्या पेटीला फक्त पहिलीच आवृत्ती येत होती.

मे २०१८ मध्ये मी संगणकावरचं लिनक्स अद्ययावत केलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. संगणक रोज सुरू होताना पेटीला हाक मारत होता, ती उत्तर देत नव्हती, आणि ‘नोफेल’मुळे तो गप्प पुढे जात होता. पहिल्या रात्री नक्कल करणाऱ्या आरसिंकने बघितलं, कोनाडा रिकामा आहे. त्याने इमानेइतबारे सगळं नव्याने तिथे उतरवलं. डिस्कवर जागा भरपूर होती. वर शेवटी ‘यशस्वी’ असा शेरा! मला आठवतंय, त्या सुमारास मी बायकोला म्हणालो होतो, "अपडेट केल्यापासून पेटी किती झटपट उघडते गं." उघडणारच. ती पेटी नव्हतीच.

नंतर कारण शोधताना मी हाताने जोडणीचा आदेश दिला, तर उत्तर आलं ‘होस्ट इज डाउन’. म्हणजे पलीकडचं यंत्र बंद आहे. पलीकडचं यंत्र हिरवा दिवा लुकलुकवत समोर बसलेलं! हा संदेश चकवा आहे बरं का. तो ११२ क्रमांकाचा असेल आणि पेटी पिंगला उत्तर देत असेल, तर बहुतेक वेळा दोघांची भाषेची आवृत्ती जुळत नाही एवढंच खरं कारण असतं. आवृत्ती १.० असं स्पष्ट सांगितल्यावर ती लगेच जोडली गेली. तेवढ्यापुरतं जोडून मी आतलं सगळं काढून घेतलं आणि त्या पेटीला निवृत्त केलं. पहिली आवृत्ती कायमची चालू ठेवणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं.

बिघडलेली डिस्क दोन ठिकाणी दाखवली. दोघांनीही मान हलवली. आतल्या तबकडीवर चरे पडले होते.

आता नवी पेटी आली आहे. जोडणी कशी केली ते सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखेच ‘आपोआप होतंय’ म्हणून निर्धास्त असलेले ब्लॉगर मित्र वाचताहेत हे मला ठाऊक आहे.

पेटीचा पत्ता आधी कायमचा करून घ्या. राउटर दर वेळी नवा पत्ता देऊ शकतो. राउटरच्या मांडणीत जाऊन पेटीसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. नावाने शोधण्यापेक्षा हे भरवशाचं.

पेटीचं नाव आणि पासवर्ड एफएसटॅबच्या ओळीत लिहू नका, ती फाइल कोणालाही वाचता येते. वेगळ्या फाइलीत ठेवा आणि तिची परवानगी ६०० करा, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचणार नाही. त्याच ओळीत आपला वापरकर्ता क्रमांक आणि गट क्रमांक द्या, नाहीतर सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या दिसतात आणि मग माझ्यासारखा शॉर्टकट मारायचा मोह होतो. भाषेची आवृत्तीही स्पष्ट लिहा. माझ्याकडे ३.० आहे. पुढेमागे जमेनासं झालं तर निदान कुठे बघायचं ते कळेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरू होतानाच जोडायचा हट्ट सोडा. सिस्टिमडीमध्ये ऑटोमाउंटची सोय आहे. एफएसटॅबच्या ओळीत ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय घातला की संगणक सुरू होताना पेटीसाठी थांबत नाही. तुम्ही किंवा एखाद्या आज्ञावलीने तो फोल्डर उघडला की त्या क्षणी जोडणी होते. पेटी उशिरा उठली तरी बिघडत नाही. गुरुवारचा प्रश्न मिटला. आणि मुख्य फायदा असा की पेटी मिळाली नाही तर कोनाडा रिकामा दिसत नाही, सरळ चूक दाखवली जाते. पहारेकरी उभा असतो तिथे.

तरी पहारेकऱ्यावर विसंबू नका. पेटी जोडलेली नसताना चॅटर या आदेशाने कोनाड्याला ‘बदलता न येणारा’ करून ठेवा. मग रूटलाही त्यात काही ठेवता येत नाही. वर पेटी जोडायला मात्र याने अडथळा येत नाही.

नक्कल सुरू करण्याआधी पेटी खरोखर तिथे आहे का ते आज्ञावलीला तपासायला लावा. त्यासाठी ‘माउंटपॉइंट’ नावाचा आदेश आहे, पण ऑटोमाउंट वापरत असाल तर तो फसवतो. पहारेकरी उभा आहे एवढ्यावरच तो ‘होय’ म्हणतो. म्हणून मी पेटीच्या आत एक छोटी फाइल ठेवली आहे. तिचं नाव ‘मी-पेटी-आहे’. आज्ञावली आधी ती फाइल शोधते. दिसली नाही तर काहीही न करता मला ईमेल पाठवते. साधा उपाय आहे, पण दोन वर्षांत एकदाही फसलेला नाही.

ज्यांच्याकडे नुसते लिनक्सचेच संगणक आहेत त्यांनी एसएमबीऐवजी एनएफएस वापरायलाही हरकत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली ती पद्धत अजून धडधाकट आहे. फक्त तिचा स्वभाव ओळखून असा. नेहमीच्या ‘हार्ड’ मांडणीत पेटी मध्येच गेली तर ती वाट बघत बसते, कितीही वेळ. फोल्डर उघडायला गेलात की खिडकी गोठते आणि संगणकच बिघडला असं वाटतं. पूर्वी मला हा स्वभाव असह्य व्हायचा. आता वाटतं, अडून बसणारा बरा. निदान कळतं तरी.

आणि शेवटचं. महिन्यातून एकदा दुसऱ्याच संगणकावरून पेटी उघडा आणि त्यातली गेल्या आठवड्यातली एक फाइल चालवून बघा. नुसती यादी बघू नका, चालवून बघा. मी यादीच बघत होतो.

असो. तांत्रिक भाग संपला. आता राहिलेलं सांगतो.

चौदापैकी नऊ रेकॉर्डिंग वाचली. ती माझ्या पेटीमुळे नाही. २०१८ च्या दिवाळीत बाबा मला म्हणाले, "आतापर्यंत जेवढं झालंय ते एका पेनड्राइव्हवर घालून दे, ताईला द्यायचंय." ताई म्हणजे आत्या. धाकटी असून बाबा तिला ताईच म्हणायचे. भाऊबीजेला आत्याने ओवाळल्यावर त्यांनी ताटात साडीबरोबर तो पेनड्राइव्ह ठेवला. "ओवाळणीत हे काय रे?" म्हणून सगळे हसले होते. मीही हसलो होतो. आत्याने तो कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवला होता. तिथून तो २०२० मध्ये निघाला, शाबूत. तेव्हा मी तिला एवढंच म्हणालो की माझ्याकडची प्रत बिघडली आहे. अर्धं खरं.

दिवाळीनंतरची पाच गेली. त्यातलंच एक जानेवारी २०१९ चं, पानशेतचं, सव्वा तासाचं.

चुलतभावाचा निरोप आल्यावर चार दिवस मी ‘शोधतो’ या शब्दाकडे बघत होतो. मग साताऱ्याला फोन लावला आणि आत्याला सगळं सांगून टाकलं. नोफेल, कोनाडा, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं रागावेल किंवा रडेल. ती म्हणाली, "अरे, एवढंच ना? मी होते की तिथे."

गेल्या रविवारी साताऱ्याला जाऊन आलो. फोन टेबलावर ठेवला आणि आत्याने दीड तास सांगितलं. बाबांच्या सांगण्यातलं मला जे आठवत होतं ते आणि हिचं सांगणं सगळीकडे जुळत नाही. बाबा म्हणायचे, आजीने फोटोंची ट्रंक माळ्यावर चढवायचा प्रयत्न केला होता. आत्या म्हणते, ट्रंकेत साड्या होत्या, फोटो भिंतीवर होते, आणि ते काढायचं कोणालाच सुचलं नाही. बाबा म्हणायचे, पाणी आलं तेव्हा ते जागेच होते. आत्या म्हणते, "डोंबलाचा जागा! आईने त्याला पाठीत धपाटा घालून उठवलं." बाबांच्या आवाजात हे दोन्ही परत ऐकायला मिळणार नाही. ते तसंच राहणार. आत्याचं सांगणं त्याची भरपाई नाही, ते वेगळं आहे. पण ते आता आहे.

रेकॉर्डिंग माझ्या संगणकावर आहे. रात्री पेटीत उतरलं. सकाळी बायकोच्या लॅपटॉपवरून पेटी उघडून पहिली पाच मिनिटं ऐकली. एक पेनड्राइव्ह आत्याच्या दागिन्यांच्या डब्यात आहे आणि एक बंगलोरला कुरियरने गेला आहे. चुलतभावा, ‘शोधतो’ म्हटलं होतं ना, ते हे. तू मागितलेलं नाही, पण हेच आहे.

आणि हो, घरं आता तीन झाली, बाबा.